७,२०० भागिले ९०० म्हणजे ८ तास? विमानाचं गणित कुठे चुकतं

आजचा विषय एका व्हॉट्सॲप मेसेजवरून सुचला. सप्टेंबरमध्ये शिकायला यूकेला निघालेल्या मित्राने विचारलं, "मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. म्हणजे ८ तास. रात्री २ ला निघालो की तिथल्या पहाटे साडेपाचला हीथ्रो. पुढची ७ ची बस आत्ताच बुक करू ना? स्वस्त मिळतेय."

मी म्हटलं, थांब रे बाबा!

भागाकार बरोबर आहे. गडबड आहे ती आकड्यांत.

आधी अंतर बघू. ग्लोबवर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. तो सगळ्यात जवळचा मार्ग, आणि ॲप दाखवतं ते ७,२०० म्हणजे या दोऱ्याची लांबी. पण हा दोरा पाकिस्तान, इराण, जॉर्जिया, युक्रेन असा जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. असं काही झालं की विमानाला वळसा घ्यावा लागतो. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात.

आता वेग. ९०० हा हवेच्या तुलनेतला वेग, जमिनीच्या नाही. आणि वर हवा स्थिर नसते. जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा समोरून सरासरी १०० चा वारा आहे, तर जमिनीवरून वेग उरला ८००, आणि लागले ९ तास. तोच वारा परतताना पाठीशी असेल तर वेग १,०००, म्हणजे सव्वासात तासांच्या आत. अंतर तेच, फरक पावणेदोन तासांचा!

शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या, सगळं त्यात आलं. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना १० तास धरून चला.

आणि हो, तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. सप्टेंबरमध्ये साडेचार. म्हणजे मित्राचं विमान पोचणार साडेसातला. बस तर ७ लाच गेली! त्यात इमिग्रेशनची रांग आणि बॅगा वेगळ्याच.

मग करायचं काय? अंतरावरून वेळ काढू नका. आधी विमानाचं तिकीट काढा, फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर तीच फ्लाइट गेल्या आठवड्यात खरंच कधी उतरली ते बघा, आणि पुढचा प्रवास त्यानंतर निदान तीन तासांनी ठेवा. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर उशिराचा भुर्दंड आपल्यालाच.

मित्राने आता ११ ची बस बघितलीये. थोडी महाग आहे, पण मिळेल तरी!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.