“नेहमीच मारतो” पुरत नाही

मी तालुक्यात संरक्षण अधिकारी आहे. बाई येते ती पिशवी घेऊन, कागद क्वचितच. तरी अडत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अर्जाआधी पोलीस तक्रार लागत नाही, वकील मोफत मिळतो. घटना अहवाल मी भरते. “नेहमीच मारतो” एवढ्यावर भागत नाही. “पोळ्याच्या दिवशी, लाटण्याने” असं लिहावं लागतं. राहतं घर सासूच्या नावावर असलं, तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, हे बऱ्याच जणी दोनदा विचारून घेतात. पहिली सुनावणी सहसा तीन दिवसांत, असं कायदा म्हणतो. म्हणो बापडा! समन्स बजावण्यातच आठवडे जातात. म्हणून कलम 23 चा अंतरिम आदेश मी सोबतच मागायला लावते. तो मोडला तर वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.