विसाव्या मैलानंतर

पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला, की शनिवार-रविवारच्या पहाटे लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीच्या चढावर एक दृश्य हल्ली नेहमी पाहावयास मिळते. अजून उजाडलेले नसते. धुक्यातून कपाळावर बांधलेल्या लहान दिव्यांची एक विरळ रांग डोलत डोलत वर सरकत असते. जवळून पाहावे तर ती पुण्या-मुंबईकडची माणसे असतात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी एखाद्या कचेरीत आठवडाभर खुर्चीवर बसून काढलेली. सुटीच्या दिवशी अंथरुणात पडून राहण्याचा हक्क सोडून ही मंडळी राजमाचीच्या वाटेने धावत निघालेली असतात. त्याच वेळी समोरून दुधाच्या किटल्या घेऊन गावाकडे उतरणारा एखादा वाडीवरचा माणूस क्षणभर कडेला उभा राहून त्यांच्याकडे पाहतो. त्याच्या मनात प्रश्न उभा राहत असेल तर तो एकच असणार : ह्यांच्यामागे लागले आहे तरी कोण?

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो टाळता येण्यासारखा नाही. आजवर माणूस धावला तो काही कारणाने. पाठीशी शत्रू होता म्हणून, पुढे शिकार होती म्हणून, किंवा हातात निरोप होता म्हणून. पेशवाईतील पत्रे पोचविणारे जासूद जोडीने वाटा तुडवीत, ते आत्मशोधासाठी खचित नव्हे. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागण्यापूर्वी घाटावरचा माणूस कोकणात उतरे आणि पुन्हा चढे तो पोटापाण्यासाठी. मावळ म्हणजे चढ-उतार. येथे पायांना विश्रांती ही चैन होती. अशा मुलुखात जाऊन विनाकारण वीस-पंचवीस मैल धावावे आणि त्यातून आपल्याला स्वतःची ओळख पटली असे सांगावे, हे ऐकणाऱ्याला अंमळ अतिशयोक्तीचे वाटल्यास नवल नाही.

ही भाषा तशी बाहेरून आली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर ह्या अमेरिकन धावपटूने मॅरेथॉन जिंकली आणि त्यानंतर त्या देशात धावण्याचे जणू वेडच पसरले. जॉर्ज शीहान हा हृदयरोगतज्ज्ञ त्या वेडाचा तत्त्वचिंतक ठरला. धावणे हा केवळ व्यायाम नसून ती स्वतःकडे पाहण्याची एक रीत आहे, असे तो मांडीत असे. त्याचे गाजलेले पुस्तक १९७८ मधले. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची आजची मॅरेथॉन २००४ मध्ये. २०१८ पासून लोणावळ्याच्या डोंगररस्त्यावर पस्तीस आणि पन्नास किलोमीटरच्या शर्यती होऊ लागल्या. त्या शर्यतीला टाटांचे नाव आहे. हा योगायोग वाटतो तितका साधा नाही; त्यामागे शंभर वर्षांची एक गोष्ट आहे.

१९१९ मध्ये सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या वार्षिक क्रीडामेळाव्यात लांब पल्ल्याची, सुमारे पंचवीस मैलांची, एक शर्यत होत असे. तीत उतरणारी मुले बहुधा शेतकरी घरांतली होती. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली ही मुले खडीच्या कठीण रस्त्यावरून अनवाणी किंवा जेमतेम वहाणा घालून धावत. युरोपीय नियमांची त्यांना कल्पना नव्हती, शिस्तशीर सरावाचा तर प्रश्नच नव्हता. दोराबजींनी पुढे एका पत्रात ह्या प्रसंगाचे वर्णन केले आहे. ह्या मुलांनी घेतलेला वेळ पाश्चात्त्य धावपटूंच्या वेळेच्या पंक्तीला बसण्याजोगा आहे, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी बक्षीस समारंभास आलेल्या मुंबईच्या गव्हर्नरांनाही ते बोलून दाखविले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा पहिला संघ गेला, तो ह्या पाहण्यातून.

सहा जणांच्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. दोघेही मॅरेथॉनला उभे राहिले. त्या वर्षीचे अंतर नेहमीच्या बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटरांपेक्षाही अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंदांत. परका देश, परके हवामान आणि आयुष्यातील पहिली जागतिक शर्यत, ह्या गोष्टी ध्यानात घेतल्या तर हा एकोणिसावा क्रमांक आपल्या क्रीडा-इतिहासात आज मिळतो त्याहून पुष्कळ मोठ्या जागेचा धनी आहे. दातारांच्या नावापुढे मात्र वेळ नाही. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही, एवढीच नोंद आढळते. कोणत्या वळणावर त्यांनी पाय थांबविले, त्या क्षणी मनात काय आले, हे त्यांच्याबरोबरच गेले. आत्मशोधाच्या गप्पा मारणाऱ्यांनी विजेत्याच्या वेळेपेक्षा ह्या कोऱ्या रकान्याकडे अधिक वेळ पाहावे.

ह्या गोष्टीची दुसरी बाजू मावळच्या माणसाला अधिक ठाऊक आहे. दोराबजी ज्या उद्योगसमूहाचे धुरीण होते त्याच्याच जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ मध्ये त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. पुढे शेजारच्या मुळशी पेट्यात धरणाचे काम निघाले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार हे उघड झाले. १९२१ च्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला, आणि त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले. शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावतात याचे कौतुक वाटून त्यांना अँटवर्पला धाडण्यात आले १९२० मध्ये. आणि अवघ्या एका वर्षाने तशाच शेतकऱ्यांना आपल्या शेतासाठी अंग टाकून बसावे लागले. दोराबजींचा क्रीडाप्रेमातील प्रामाणिकपणा ह्याने कमी होत नाही. परंतु आज वळवणच्या जलाशयाकाठून धावणाऱ्याला निसर्गरम्य वाटणारे ते पाणी तेथे आपोआप साचलेले नाही, एवढे त्याला ठाऊक असावे. स्वतःची ओळख करून घ्यावयास निघालेल्याने आपण कोणाच्या जमिनीवरून धावतो आहोत ह्याची ओळख टाळू नये.

मग धावण्यातून माणसाला स्वतःविषयी काही कळते, ह्या म्हणण्यात तथ्य आहे की नाही? आहे, पण ते जेथे सांगितले जाते तेथे नाही. पहिल्या आठ-दहा मैलांत माणूस स्वतःविषयी काहीच शिकत नाही. तोवर तो आपल्या मनातल्या चित्राबरोबर धावत असतो. शरीरात साठवलेली साखर स्नायूंना पुरत असते, श्वास लयीत असतो, आणि मेंदूत तयार होणाऱ्या काही द्रव्यांमुळे एक सुखद हलकेपणाही येतो. ह्या हलकेपणालाच पुष्कळजण साक्षात्कार समजतात. खरा प्रकार सुरू होतो तो सुमारे विसाव्या मैलाच्या आसपास. स्नायूंतील साठा आटत येतो, शरीर चरबीकडे वळते, ती तितक्या झटपट जळत नाही आणि पाय एकाएकी दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे जड होतात. जाणते धावपटू ह्याला ‘भिंत’ म्हणतात. ह्या भिंतीशी माणसाचे हुद्दे, पगार, पदव्या आणि सबबी गळून पडतात. मागे उरतो तो जरा निराळाच गृहस्थ असतो. एरवी शांत म्हणून नावाजलेला मनुष्य तेथे चिडखोर निघतो; घरात ज्याचे कोणी ऐकत नाही असा एखादा अबोल कारकून तेथे अचाट चिवट ठरतो. वर्गात मुलांना चिकाटीवर निबंध लिहावयास लावणारे गुरुजी पंचविसाव्या किलोमीटरलाच रस्त्याकडेच्या दगडावर टेकतात. आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नसते. दगडावर बसलेल्या त्या पाच मिनिटांत त्यांना जे कळते ते निबंधात कधी आलेले नसते.

मराठी भाषेने ह्या अवस्थेसाठी एक विलक्षण शब्द राखून ठेवला आहे : दम. दम लागतो, दम खावा लागतो, दम धरावा लागतो, दम तोडला जातो. हा दम फारसीतून आलेला, अर्थ श्वास. परंतु आपल्याकडे आणखी एक दम आहे, संस्कृतातला, शम-दमातला, म्हणजे इंद्रियांचा निग्रह. कोठून कोठून आलेले हे दोन शब्द मराठीत एकाच उच्चारात शेजारी येऊन बसले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचा संबंध नाही. पण लोहगडाचा चढ धावत चढणाऱ्याला तो नाही हे पटविणे कठीण जाईल. दम लागल्यावरच दम धरता येतो. चालीने न चढता धापा टाकीत वर पोचलेल्याला शेवटच्या पायऱ्यांवर हे दोन्ही अर्थ एकदमच उमगतात.

लोणावळ्याला तर हा श्वासाचा अभ्यास नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले ते ह्याच ध्यासाने. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत अध्यापन केलेले, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले हे गृहस्थ. योगाविषयी बोलताना चमत्काराची भाषा त्यांना मान्य नव्हती. उड्डियान, नौली, प्राणायाम ह्या क्रियांत शरीराच्या आत नेमके काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी व दाबमापक यंत्रांनी पाहावयास आरंभ केला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून त्यात निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनुभूती खरी असेल, तरी ती मोजून पाहण्यास घाबरू नये, ही त्यांची वृत्ती. ती आजच्या धावपटूंनी घ्यावी तितकी थोडी. कैवल्यधामात आसनावर स्थिर बसून श्वास न्याहाळला जातो, बाहेरच्या रस्त्यावर धावता धावता. दोहोंत अंतर वाटते तेवढे नाही. दोन्हीकडे पहिला अडथळा एकच असतो : आपल्याला काही विशेष प्राप्त होत आहे ही घाईची भावना.

आणि ही घाई आज फार वाढली आहे. मनगटावरचे घड्याळ प्रत्येक किलोमीटरचा हिशेब सांगते, हृदयाचे ठोके मोजते आणि घरी पोचण्यापूर्वी तो हिशेब शंभर परिचितांना कळलेला असतो. महागडे बूट, स्पर्धेचे जबर शुल्क, गळ्यात पदक आणि पदकासह छायाचित्र. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. ह्या धावेचे कुंपण पुष्कळदा छायाचित्रापाशीच असते. धावणे सर्व व्याधींवरचा उतारा आहे असे मानणाऱ्यांसाठीही एक उदाहरण आहे. अमेरिकेत धावण्याचा प्रसार करणारा आणि १९७७ मध्ये त्यावर अफाट खपाचे पुस्तक लिहिणारा जिम फिक्स १९८४ मध्ये धावतानाच हृदयविकाराने गेला. वय अवघे बावन्न. त्याच्या घराण्यात हृदयरोग होता, आणि धावण्यास लागण्यापूर्वी तो स्थूल व सिगारेटी ओढणारा होता. धावण्याने त्याचे आयुष्य कदाचित वाढलेच असेल. पण शरीर देत असलेल्या सूचना ऐकणे हाही आत्मज्ञानाचाच भाग आहे, आणि तो भाग पदकाच्या मोहात सर्वांत आधी सुटतो.

ह्या सगळ्यात मावळातील मुला-मुलींचे स्थान कोठे, हे विचारणे आवश्यक आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू झाला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच प्रकारात रौप्यपदक घेऊन आला. ही दोन्ही गावे दुष्काळी टापूतली. ह्या मुलांना आत्मशोधाची चैन परवडणारी नव्हती. धावणे त्यांच्यासाठी नोकरीची, घराची, मान वर करून उभे राहण्याची वाट होती. तरी आत्मविकास म्हणतात तो त्यांच्या वाट्याला आला नाही असे कोण म्हणेल? उलट बंगल्यांच्या रखवालीत आणि हॉटेलांच्या भांडीघाशीत ज्यांची सकाळ जाते अशा पवन मावळातल्या मुलांना धावण्यासाठी वेळ मोकळा नाही, एवढीच त्यांची अडचण. पाय त्यांचे आजोबांसारखेच आहेत.

तुंगार्लीवरून निघालेली ती दिव्यांची रांग उजाडेपर्यंत विस्कळीत झालेली असते. पुढचे पुढे गेलेले, मागचे मागे राहिलेले, आणि बहुतेकजण आता एकेकटे. पंधरा-सोळा किलोमीटरांनंतर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले समोर उभे राहतात आणि पायथ्याला उधेवाडीची घरे दिसू लागतात. ह्या गावची माणसे बाजारासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी हीच वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवीत आली. तेथल्या एखाद्या ओसरीवर पहाटेचा धावपटू टेकतो. घरची बाई पाण्याचा तांब्या पुढे करते, चुलीवर पिठले रटरटत असते. “कुठून आलात?” “लोणावळ्याहून.” “चालत?” “धावत.” ती हसते, भाकरी थापता थापता विचारते, “आन्‌ आता परत?”

तो वाटेकडे पाहतो. ऊन वर आलेले असते, आणि परतीची वाट तितकीच लांब असते.