एका शेंगेचे किती धंदे?

बाकावर मुळासकट उपटलेलं भुईमुगाचं झाड आलं की पाचवीतली मुलं आधी शेंगांवर तुटून पडतात. बाईंना मात्र मुळं दाखवायची असतात. त्यांवरची मोहरीएवढी गाठ नखानं फोडली की आत लालसर गर दिसतो. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवतात, म्हणून या पिकानं जमिनीचा कस सुधारतो.

इथेच अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर वर्गात येतात. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घरांत ते परके नाहीत. १८९६ मध्ये ते अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत रुजू झाले, तेव्हा कापसामागून कापूस घेऊन तिथल्या जमिनी निकस झाल्या होत्या. पुढे बोंडं पोखरणाऱ्या सोंडकिड्यानं कापूसही खाल्ला. भुईमूग लावा, हे सांगणं सोपं होतं. पण एवढे दाणे खपवायचे कुठे? १९१६ च्या पुस्तिकेत कार्व्हर यांनी लागवडीसोबत दाण्यांचे १०५ खाद्यप्रकारही दिले.

पीनट बटर मात्र त्यांचं नव्हे. दाण्यांच्या लगद्याचं पेटंट १८८४ मध्येच कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांना मिळालं होतं. हे ऐकून मुलं जरा हिरमुसतात.

मग प्रयोग. शेंगदाण्याची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का, हे आधीच विचारलेलं असतं. कागदावर एक थेंब पाण्याचा, शेजारी दाणा रगडून घासायचा. पाण्याचा डाग वाळून जातो. दाण्याचा राहतो आणि उजेडात धरला की आरपार दिसतो. हे तेल. दाण्याच्या वजनात ते जवळजवळ निम्मं भरतं.

रात्रभर भिजवलेले दाणे पाणी घालून वाटायचे आणि मलमलच्या फडक्यातून पिळायचे. पांढरंशुभ्र दूध पातेल्यात पडतं. ते उकळताना सतत ढवळावं लागतं, नाहीतर तळाला लागतं. कच्च्या दाण्यांचा उग्र वास हळूहळू कमी होतो.

फडक्यातल्या चोथ्याचं काय? थालीपिठात, चटणीत, कोंबड्यांना, अशी उत्तरं भराभर येतात. टरफलांपाशी गाडी अडते. चुलीत जाळायची, एवढंच सुचतं. मग कुणाला कोंबड्यांच्या खुराड्यातलं आंथरूण आठवतं, कुणाला कुंडीतलं आच्छादन. टरफलांचा भुसा दाबून फळ्या करता येतात, ही भर बाई घालतात.

एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “बाई, या दुधाचं दही लागेल का?”

उद्या घरून विरजण आणायचं काम विचारणारीकडेच जातं.