बसऱ्याची नदी आणि कूतचे धान्य

साताऱ्याकडच्या किंवा कोकणातल्या काही गावांत चावडीच्या भिंतीवर दगडाची एक लहानशी पाटी दिसते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर तीवर असतो. कोठे गेले, कशासाठी गेले, कशाने मेले, हे पाटी सांगत नाही. त्यांतले पुष्कळजण गेले होते बसऱ्याला. बसरा म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण टोकाचे बंदर. त्या वेळी तो तुर्कांच्या उस्मानी साम्राज्याचा एक प्रांत होता. आज त्या प्रांतातल्या लढाईची गोष्ट आपण पाहू. मात्र बंदुकांची नव्हे, तर होड्यांची, धान्याच्या पोत्यांची आणि तिथल्या माणसांच्या मनाची.

शेजारच्या इराणात १९०८ साली खनिज तेल सापडले होते, आणि ते शुद्ध करण्याचा इंग्रजांचा कारखाना बसऱ्याच्या खाली, आबादान येथे होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा हिंदुस्थान सरकारने मुंबई बंदरातून फौज पाठवली. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी ती फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. या फौजेचा कणा होता सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या.

बसऱ्यावर थांबले असते तर गोष्ट निराळी झाली असती. पण विजय सोपे मिळत गेले, तसतशी हाव वाढली. जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरात कूत, आणि मग डोळे लागले बगदादकडे. नोव्हेंबरात जनरल टाउनशेंड बगदादच्या अलीकडे टेसिफोनपाशी जाऊन भिडले. तेथे त्यांची चार हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, आणि फौजेला मागे फिरावे लागले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बसऱ्याहून बगदाद नदीने सुमारे ८०० किलोमीटर. पक्की सडक नाही, रेल्वे नाही. वाट एकच, टायग्रिस नदी. उन्हाळा लागला की नदी आटते. वळणे तर इतकी की समोर दिसणारे गाव गाठायला बोटीला दुप्पट फेरा पडतो. त्यामुळे उथळ पाण्यात चालणाऱ्या खास बोटी लागत, आणि त्या होत्या मोजक्या.

शेतकरी बंधूंना हा हिशेब समजावून सांगायला नको. गाडी लांबच्या बाजाराला न्यायची तर बैलांची वैरण गाडीतच घ्यावी लागते. बाजार जितका लांब, तितकी वैरण जास्त आणि माल कमी. फौजेचेही तसेच. बोट वर जायची तर तिचे जळण, खलाशांचे अन्न, खेचरांचा दाणा, सारे तिच्यावरच. अंतर दुप्पट झाले की एक बोट महिन्यात निम्म्याच खेपा करते. म्हणजे पूर्वीइतकाच माल पोचवायला दुप्पट बोटी हव्यात. फौज पुढे सरकली, माणसे वाढली, पण बोटी त्या मानाने वाढल्या नाहीत. बसऱ्यालाही समुद्रात चालणाऱ्या जहाजांसाठी धक्का नव्हता. जहाजे पात्रात नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभी राहत, आणि माल ‘महेला’ नावाच्या स्थानिक शिडाच्या होड्यांत उतरवावा लागे.

याची पहिली झळ लागली जखमींना. टेसिफोनहून त्यांना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणले, आणि मग बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने निजवले. बसऱ्याला पोचायला काहींना जवळजवळ दोन आठवडे लागले. तोवर जखमा चिघळल्या होत्या.

डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूतला वेढा घातला. आत पुणे डिव्हिजन होती आणि सुमारे सहा हजार अरब रहिवासी. त्यांना बाहेर काढावे, म्हणजे खाणारी तोंडे कमी होतील, असा विचार निघाला. पण थंडीत बायकामुलांना वाळवंटात हाकलले तर ती मरतील, आणि साऱ्या प्रांतात इंग्रजांचे नाव जाईल, असे राजकीय अधिकारी सर पर्सी कॉक्स यांचे मत पडले. रहिवासी आतच राहिले. माणुसकी आणि राजकारण या दोहोंच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र पोटांचा हिशेब बदलला.

आणि हिशेब झालाच नाही, ही खरी चूक. गावात किती धान्य आहे याची मोजदाद आरंभी कोणी नीट केली नाही. अन्न थोडेच दिवस पुरेल असा निरोप बाहेर गेला. तो ऐकून सोडवायला निघालेल्या फौजेने पुरती तयारी न करता जानेवारी १९१६ मध्ये चिखलातून, पावसातून हल्ल्यांवर हल्ले केले. शेख साद, वादी, हन्ना या तीनच लढायांत हजारो पडले. त्याच वेळी ताज्या दमाचे हजारो शिपाई बोटींवाचून बसऱ्यालाच खोळंबले होते. पुढे जानेवारीच्या अखेरीस कूतमधल्या घरांची झडती घेतली, तेव्हा पुष्कळ धान्य निघाले. अजून ८४ दिवस टिकता येईल, असा हिशेब मग लागला! धान्य होते तर दळायला जाती नव्हती. ती विमानातून टाकावी लागली.

आता तुम्ही विचाराल, लोकांनी धान्य लपवले का? त्यांच्या जागी उभे राहून पहा. आज इंग्रज आहे, उद्या तुर्क परत येईल. आम्ही येथे कायम राहू, असे वचन लंडन सरकार द्यायला तयार नव्हते. मग बोटवाल्याने होडी कोणाला द्यावी? शेतकऱ्याने कणगी कोणाला दाखवावी? ही भीती पोकळ नव्हती. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले, तेव्हा इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून तुर्कांनी काही गावकऱ्यांना फासावर दिले.

शरण जाण्याआधी पाच दिवस ‘जुलनार’ ही बोट २७० टन सामान घेऊन रात्रीच्या अंधारात वर निघाली होती. नदीत आडव्या बांधलेल्या तारदोराला ती अडकली आणि शत्रूच्या हाती गेली. आत उपासमार चालू होती. घोड्याचे मांस खावे की नाही, हा धर्मप्रश्न हिंदी शिपायांपुढे पडला. खायला हरकत नाही, असे धर्मगुरूंचे संदेश मागवावे लागले. शेवटी तेरा हजार माणसे कैद झाली, आणि त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नात सुमारे तेवीस हजार मेली वा जखमी झाली होती. कैद्यांपैकी हजारो वाटचालीत, छावण्यांत आणि रेल्वेच्या कामावर संपले.

पुढे चौकशी आयोग बसला. १९१७ साली त्याचा अहवाल आला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर जनरल मॉड यांनी धडा घेतला होता. आधी धक्के, मग बोटी, मग मीटरगेज रेल्वे, आणि त्यानंतर लढाई. रूळ आणि इंजिने हिंदुस्थानातून गेली. मजूरही गेले, त्यांत आपल्या तुरुंगांतून भरती केलेले कैदीसुद्धा होते. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले.

म्हणजे प्रश्न सुटला? वाहतुकीचा सुटला, राजकारणाचा नाही. नदी आणि तारेचे खांब सुरक्षित राहावेत म्हणून इंग्रजांनी काठच्या टोळ्यांच्या शेखांना हाताशी धरले. त्यांना साऱ्यात सूट दिली, अधिकार दिले आणि बंदोबस्त त्यांच्यावर सोपवला. ही रीत बलुचिस्तानातून उचललेली. कायदेही हिंदुस्थानी घाटाचे, आणि नाणे आपला रुपया. बोटी सुखरूप जाऊ लागल्या, पण शेखाच्या हाताखालचे कूळ अधिकच दबले, आणि जे शेख मर्जीत नव्हते ते दुखावले.

ठिणगी पडली ३० जून १९२० रोजी, युफ्रेटिसकाठच्या रुमैथा गावी. शेतीकर्जाची थकबाकी दिली नाही म्हणून एका शेखाला कोठडीत घातले. त्याच्या माणसांनी त्याला सोडवले आणि पहिला घाव घातला रेल्वेवर! रूळ उखडले, आणि रुमैथाच्या शिबंदीला वेढा पडला. चार वर्षांपूर्वीचे कूत जणू पुन्हा उभे राहिले. बंड मोडायला पुन्हा हिंदी पलटणीच गेल्या. १९२१ साली फैसल यांना राजा केले, आणि १९३२ साली इराक स्वतंत्र झाला. त्याच वर्षी तेथे रुपयाच्या जागी दिनार आला.

यातून काय घ्यायचे? परक्या मुलखात फौज उभी राहते ती रसदीवर, आणि रसद चालते ती तिथल्या माणसांच्या भरवशावर. बोट मोजता येते, धान्यही मोजता येते. भरवसा मोजता येत नाही, म्हणून त्याला कोणी हिशेबात धरत नाही. कूतला बोटी कमी पडल्या, धान्य मोजले नाही, आणि लोकांना अभय देता आले नाही. तिन्हींची किंमत भरली ती ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी. कूतच्या गावकऱ्याने आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराने.

गुरुजींना एक विनंती. गावात अशी पाटी असेल तर मुलांना तिच्यापाशी न्या. सोबत नकाशा घ्या, आणि मुंबईपासून बसरा, बसऱ्यापासून कूत अशी रेघ त्यांच्याच हाताने ओढू द्या. म्हणजे पाटीवरच्या आकड्यामागे माणसे होती, हे त्यांना सांगावे लागणार नाही.