धूर एका दिवशी, निकोटीन हळूहळू
(जर्मनीतल्या नातवंडांच्या सल्ल्याविषयी थोडेसे)



आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे आज जर्मनीत आहेत. कोणी बर्लिनला शिकते, कोणी फ्रँकफुर्टला किंवा म्युनिकला नोकरी करते. सणासुदीला ती घरी येतात आणि आजोबांच्या हातातली सिगारेट पाहून म्हणतात, "आजोबा, हे सोडा आता. त्यापेक्षा व्हेप घ्या, हळूहळू आपोआप सुटेल." मग खिशातून पेनाएवढी नळी निघते, एक झुरका घेतला जातो आणि खोलीभर पुदिन्याचा नाहीतर आंब्याचा वास पसरतो. आजी म्हणते, निदान राख तरी पडत नाही. आजोबा मात्र विचारात पडतात. पन्नास वर्षांची सवय, ती अशी वाफेने जाईल का?

नातवंडांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, असे आमचे मत झाले आहे. उरलेला अर्धा भाग घरात कोणी सांगत नाही. तो कळला नाही तर माणूस सिगारेटही ओढतो आणि नळीही ओढतो, आणि आपण सुधारलो असे समजून बसतो.

नळीत असते काय?

नळीत एक बॅटरी असते, तारेचे छोटे वेटोळे असते आणि थोडे पातळ द्रव्य असते. त्या द्रव्यात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, सुवास आणि बहुधा निकोटीन असते. झुरका घेतला की तार तापते, द्रव्याची वाफ होते आणि ती छातीत जाते. हे यंत्र आजच्या रूपात २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने तयार केले. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते.

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो, आणि मुख्य घात त्या जळण्यातून होतो. जळताना डांबर तयार होते, त्यातून कर्करोग संभवतो. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि हृदयावर ताण आणतो. निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे. तलफ त्याची येते, पण छातीची राख प्रामुख्याने धुराने होते. नळीत काही जळत नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. सिगारेट पूर्णपणे टाकून जो नळीवर येतो, त्याच्या शरीरात विष खूपच कमी जाते. म्हणून नळी निरुपद्रवी ठरत नाही. वाफेतही घसा आणि फुप्फुसे चुरचुरवणारे पदार्थ असतात, आणि निकोटीनने नाडी व रक्तदाब वाढतो. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने या नळीला हातही लावू नये.

सल्ल्याचा बरोबर असलेला अर्धा भाग

इंग्लंडमध्ये ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे दिले, निम्म्यांना व्हेप दिले. दोन्ही गटांना सुरुवातीचे काही आठवडे समुपदेशकाची साथ होती. वर्षाअखेर पट्टीवाल्यांपैकी शंभरात सुमारे १० जण सिगारेटपासून दूर राहिले होते, व्हेपवाल्यांपैकी १८ जण. म्हणजे नळीने मदत होते हे खरे. पण शंभरातले ८२ जण तिनेही सुटले नाहीत, हेही तितकेच खरे. आणि व्हेप घेऊन ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले शंभरात ८० जण वर्षानंतरही नळी ओढतच होते.

जर्मनीत डॉक्टर अजूनही आधी समुपदेशन, निकोटीनच्या पट्ट्या-गम आणि गोळ्या हाच मार्ग सांगतात. व्हेपबाबत ते सावध आहेत. लोक मात्र दुकानात जाऊन नळी आणतात आणि आपल्या मनाने सुरू करतात.

न सांगितलेला अर्धा भाग

खरी गोम 'हळूहळू' या शब्दात आहे. रोज वीस सिगारेटी ओढणारे आजोबा नळी आल्यावर पाचांवर येतात. घरात आनंद होतो. पाचांच्या चार होतात, मग पुन्हा पाच. सकाळच्या चहाबरोबरची, जेवणानंतरची, पायखान्याला जाण्याआधीची आणि बाकावर मित्रांसोबतची, एवढ्या काही सुटत नाहीत. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. जर्मनीतही नळी ओढणाऱ्यांपैकी बरेच जण सोबत सिगारेट ओढतात.

आता हृदयाचा हिशेब पाहा. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका रोजच्या एकाच सिगारेटने येतो, असे त्यात दिसले. वीसावरून एकावर आलो म्हणजे एकोणीस हिस्से धोका गेला, असे आपल्याला वाटते. हृदय अशी वजाबाकी करीत नाही. थोड्या धुरानेही रक्त घट्ट होऊ लागते आणि रक्तवाहिन्यांची आतली बाजू बिघडते.

दुसरी गोष्ट. इंग्लंडमध्येच ६९७ जणांवर आणखी एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ठरलेल्या दिवशी एकदम सोडायला सांगितले, काहींना दोन आठवडे कमी करीत करीत त्या दिवसापर्यंत यायला सांगितले. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले शंभरात ४९ टिकले होते, हळूहळूवाल्यांतले ३९.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: धूर एका ठरलेल्या दिवशी बंद करावा. हळूहळू कमी करायचे ते निकोटीन. नळी ही पायरी आहे. पायरीवर पाय द्यावा आणि पुढे जावे, तिथे खाट टाकून बसू नये.

"आता या वयात काय उपयोग?"

हे वाक्य आम्ही प्रत्येक बैठकीत ऐकतो. त्याला उत्तर जर्मनीतूनच मिळते. हायडेलबर्गला जर्मन कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी सात देशांतल्या साठीपुढच्या लोकांचे १७ अभ्यास तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण ८३ टक्क्यांनी जास्त होते. ज्यांनी सोडली होती, त्यांचे ३४ टक्क्यांनी. सोडण्याचा लाभ ऐंशीच्या पुढेही दिसत होता.

त्याच केंद्राने झारलांड प्रांतातल्या ५० ते ७४ वर्षांच्या ८,८०७ स्त्रीपुरुषांची पाहणी केली. साठ वर्षांच्या ओढणाऱ्याला हृदयविकाराच्या झटक्याचा जितका धोका, तितका न ओढणाऱ्याला एकोणऐंशीव्या वर्षी असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे एका सिगारेटीपायी हृदय एकोणीस वर्षांनी म्हातारे होते. आणि सोडल्यावर पहिल्या पाच वर्षांतच फरक दिसू लागतो. सत्तरीच्या माणसाला पाच वर्षे म्हणजे नातीचे लग्न पाहणे किंवा न पाहणे.

कळले आधी, वळले उशिरा

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९२९ मध्ये फ्रिट्झ लिकिंट या जर्मन डॉक्टरांनी मांडला होता. नाझी सत्तेवर आल्यावर या समाजवादी डॉक्टरांची नोकरी गेली. हेरफोर्ड गावच्या यहुदी घरातला एर्न्स्ट विंडर हा मुलगा १९३८ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेला निसटला. त्यानेच पुढे डॉ. ग्रॅहम यांच्यासह ६८४ रुग्णांची पाहणी करून १९५० मध्ये हा संबंध जगापुढे ठामपणे ठेवला. आणि जर्मनीत? रस्त्यावरच्या सिगारेटच्या जाहिराती तिथे २०२२ उजाडल्यावर बंद झाल्या. सिगारेटची यंत्रे आजही गल्लीत भिंतीला टांगलेली दिसतात. २०१८ या एका वर्षात तिथे धूम्रपानाने सुमारे १,२७,००० माणसे गेली, असा अंदाज आहे. कळणे आणि वळणे यांत किती अंतर असते, ते यावरून दिसते. आपल्या घरातही हेच घडते.

नळीबाबत मात्र तिथे नियम आहेत. अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. निकोटीनची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसते. जुलै २०२२ पासून या द्रव्यावर करही बसतो, निकोटीन नसले तरीही. इस्राएलनेही २० मिलिग्रॅमवरच्या नळ्या २०१८ मध्ये बंद केल्या.

करायचेच असेल तर असे करावे

१. आधी डॉक्टरांना भेटावे. इस्राएलमध्ये कुपात होलिमकडे सिगारेट सोडण्याचे वर्ग आणि औषधे आहेत, ती २०१० पासून आरोग्य-टोपलीत आली आहेत. जर्मनीत मोफत सल्ल्याचा फोन क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. पट्टी आणि गोळी यांचा विचार आधी करावा, नळीचा नंतर.

२. नळी घ्यायचीच ठरली तर तारीख ठरवावी आणि घरात सर्वांना सांगावी. त्या दिवशी पाकीट, लायटर, राखदाणी सगळे घराबाहेर काढावे. "एक पाकीट असू दे कपाटात" असे म्हणू नये.

३. सुरुवातीला निकोटीन पुरेसे असावे. फार कमी घेतले तर तलफ भागत नाही आणि माणूस पुन्हा सिगारेटीकडे वळतो. धूर सुटून काही आठवडे मन स्थिरावले, की बाटलीवरचा आकडा पायरीपायरीने उतरवावा: १८ असेल तर १२, मग ६, मग ३, मग शून्य. एखाद्या पायरीवर जास्त दिवस लागले तरी हरकत नाही. सिगारेट परत येणार असे वाटले तर घाई करू नये.

४. शून्यावर आल्यावर नळीचीही तारीख ठरवावी.

५. द्रव्य नेहमीच्या दुकानातूनच घ्यावे. २०१९ मध्ये अमेरिकेत वाफेने हजारो लोकांची फुप्फुसे बिघडली, काही दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी गांजाचे सत्त्व असलेले, चोरट्या बाजारातले द्रव्य ओढले होते.

ज्येष्ठांसाठी चार सूचना

धुरामुळे यकृत काही औषधे लवकर जाळून टाकते. धूर थांबला की तेच औषध अंगात जास्त साठते, मग नळी ओढत असलात तरीही. दम्यासाठी थिओफिलिन (आपल्याकडची डेरिफायलिन), मनोविकारासाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन, रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेत असाल, तर सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी. कॉफीही जास्त चढते. सिगारेट सोडल्यावर झोप उडाली, तर एक कप कमी करून पाहावा.

निकोटीनची बाटली औषधासारखी कुलपात ठेवावी. गोड वासाने पतवंड ती तोंडात घालील, आणि थोडे द्रव्यही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

मुंबईला, अलिबागला, नवगावला जाताना नळी बरोबर नेऊ नये. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवण बंद आहे. दंडही आहे आणि तुरुंगही.

आणि शब्बाथला नळी चालेल का, असे कोणी विचारले, तर तिच्यात बॅटरी आहे आणि तापणारी तार आहे. उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

शब्बाथची शिकवण

शब्बाथवरून एक गोष्ट सांगून थांबतो. आपल्यातले कितीतरी जण आठवडाभर पाकीट संपवतात, पण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागल्यापासून तीन तारे दिसेपर्यंत सिगारेटीला शिवत नाहीत. योम किप्पूरलाही तेच. तेल अविव विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा धर्मनिष्ठ ओढणाऱ्यांचा अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्बाथच्या सकाळी त्यांची तलफ फारच थोडी होती. शब्बाथ संपत आला, आता ओढता येईल असे दिसू लागले, तशी ती वाढत गेली. त्याच लोकांना आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ओढू नका म्हटले, तेव्हा मात्र ती जास्त जाणवली.

याचा अर्थ असा, की तलफ पुष्कळशी 'ओढता येईल' या आशेवर जगते. दार अर्धवट उघडे असले की ती तिथेच घोटाळते. दार लागले आहे हे मनाने एकदा मानले की ती बरीच शांत होते. पंचवीस तास सिगारेटीवाचून राहण्याची ताकद ज्याच्यात आहे, त्याला आपण दुबळे कसे म्हणावे? नळीची मदत लागली तर घ्यावी, त्यात लाज नाही. पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, यापुढे आपल्या धर्मात बाकी नियम मागे सरतात. मात्र धुराचे दार अर्धवट उघडे ठेवू नये.

एखाद्या शनिवारी हव्दाला झाल्यावर हात सवयीने खिशाकडे जाईल. त्या वेळी एवढेच म्हणावे: आजचा शब्बाथ आणखी एक दिवस चालू दे. रविवारी पुन्हा तेच म्हणावे.