जन्मतः जुळलेले मानेचे मणके : शस्त्रक्रियेविना उपचार

मानवी मानेत सात मणके असतात. गर्भावस्थेच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत ते एकमेकांपासून विलग होतात. ही प्रक्रिया अपुरी राहिल्यास दोन किंवा अधिक मणके जन्मतःच जुळलेले राहतात. या अवस्थेस 'क्लिपेल-फाइल विकार' म्हणतात. मॉरिस क्लिपेल व आंद्रे फाइल या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. साधारणतः चाळीस हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो, असा अंदाज आहे.

आखूड मान, मानेवर खालपर्यंत उतरलेली केशरेषा आणि मान वळविण्यातील मर्यादा ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. तथापि, निम्म्याहून कमी रुग्णांतच ती तिन्ही एकत्र दिसतात. अनेकांना प्रौढपणी अन्य कारणाने क्ष-किरण तपासणी केल्यावरच या विकाराचा पत्ता लागतो.

उपचाराचे उद्दिष्ट

जुळलेले मणके व्यायामाने वा औषधाने सुटे होत नाहीत. मग उपचार कशावर करायचे? जुळलेल्या भागाची हालचाल त्याच्या वरच्या व खालच्या सांध्यांना करावी लागते. परिणामी, तेथील चकत्या लवकर झिजतात किंवा सांधे प्रमाणाबाहेर सैल होतात. या शेजारच्या सांध्यांचे रक्षण करणे, हेच शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांचे मुख्य उद्दिष्ट असते.

मान पुढे-मागे झुकवून काढलेली क्ष-किरण चित्रे मणक्यांचे स्थैर्य दाखवितात. मज्जारज्जूवर दाब आहे काय, हे एमआरआयने समजते. त्यानंतरच भौतिकोपचारतज्ज्ञ व्यायाम ठरवितात. कपाळावर तळहात टेकवून, मान न हलविता हलका प्रतिकार करणे, हा त्यांपैकी एक प्रकार होय. वेदनाशामक औषधे, शेक, बसण्याची योग्य ठेवण आणि गरजेपुरता मानेचा पट्टा यांचाही उपयोग होतो. या विकारासोबत मूत्रपिंड, श्रवणेंद्रिय, हृदय वा पाठीचा कणा यांत दोष असू शकतात. म्हणून त्यांचीही तपासणी आवश्यक ठरते.

टाळावयाच्या गोष्टी

शस्त्रक्रिया नको म्हणून केशकर्तनालयात मान 'मोडून' घेणे किंवा हाडवैद्याकडून झटका देऊन घेणे अत्यंत धोक्याचे आहे. अशा झटक्याने मज्जारज्जूस कायमची इजा होऊ शकते. डोक्यावरून ओझे वाहणे, शीर्षासन, कुस्ती व कबड्डी यांबाबतही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कोणत्याही कारणाने भूल द्यावयाची असल्यास भूलतज्ज्ञास या विकाराची पूर्वकल्पना द्यावी. हातापायांत बधिरता वा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

वेळीच निदान

६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. फिरती आरोग्य पथके अंगणवाड्या व शासकीय शाळांत जातात आणि दोष आढळलेल्या बालकांना पुढील उपचारांसाठी पाठवितात. पालक, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी मान न वळविता सारे अंगच वळविणाऱ्या मुलाकडे पथकाचे लक्ष वेधावे. निदान वेळीच झाल्यास अशी बहुतेक मुले शस्त्रक्रियेवाचून शिक्षण व कामकाज करीत सर्वसामान्य जीवन जगू शकतात.