अडीचशे घोडे आणि एक पंखा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गंटर्सव्हिल नावाचा मोठा जलाशय आहे. तिथे बास माशाची स्पर्धा असली की पहाटेच्या धुक्यात चकचकीत होड्या रांगेने उभ्या राहतात. क्रमांक पुकारला की एकेक होडी सुटते आणि काही सेकंदांत पाण्यावर नुसती तरंगत निघाल्यासारखी दिसेनाशी होते. गळाने मासे धरायला एवढा वेग कशाला, असं आपल्याला वाटतं. पण मासे असलेली खाडी तीस-चाळीस मैलांवर असते, दिवस मोजका असतो, आणि वजनाच्या काट्यावर उशिरा पोचलं तर दंड बसतो. वाटेत वाचलेला वेळ गळ टाकायला मिळतो.

हा खेळ फार जुना नाही. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी बास स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यात फॉरेस्ट वुड यांनी ‘रेंजर’ होड्या बांधायला सुरुवात केली. पुढे होड्या लांबत गेल्या आणि इंजिनं वाढत गेली. बी.ए.एस.एस. या मुख्य संघटनेच्या स्पर्धांत आता २५० अश्वशक्तीची मर्यादा आहे. साहजिकच सगळ्यांकडे इंजिन जवळपास सारखं, आणि खरा फरक पडतो तो मागच्या पंख्यावर. कोकणातले मच्छीमार प्रॉपेलरला पंखाच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. पंखा लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा फिरला, तर एका फेऱ्यात जेवढे इंच पुढे जाईल तो त्याचा पिच. समजा, इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतंय, गिअरचं प्रमाण १.७५ आहे आणि पिच २५ इंच. म्हणजे पंखा ३,४२९ फेरे घेतो आणि कागदावर ताशी ८१ मैल वेग निघतो. प्रत्यक्षात जीपीएस ७४ दाखवतं. पाणी काही लाकूड नव्हे. मधले ९ टक्के निसटतात. याला स्लिप म्हणतात. चांगल्या बास बोटीत ती साधारण ५ ते १२ टक्क्यांत असते. त्याहून फारच जास्त निघाली, तर पंखा तरी चुकलाय किंवा मोटरची उंची तरी.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. जास्त पिच म्हणजे जास्त वेग, असं समजून तो मोठा पंखा घेतो. मग होडीची गत घाटात वरचा गिअर टाकून चढू पाहणाऱ्या ट्रकसारखी होते. इंजिन घुसमटतं, फेरे चढत नाहीत, वेगही मिळत नाही, वर इंजिनाचं आयुष्य घटतं. पिच फारच कमी असला तर उलटा त्रास: फेरे मर्यादेबाहेर जातात. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला फेरे किती ते किती असावेत हे दिलेलं असतं. त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला सुई टेकेल तो पंखा आपला. पिच एक इंचाने बदलला की फेरे साधारण १५० ते २०० ने हलतात, एवढा हिशेब पुरतो.

पाती तीन की चार, हा वाद तिथल्या धक्क्यांवर रंगतो. तीन पात्यांचा पंखा सहसा शेवटचे एक-दोन मैल जास्त देतो. चार पात्यांचा होडीची मागची बाजू उचलतो, चटकन पाण्यावर चढवतो आणि लाटांत व वळणावर पकड सोडत नाही. वेगवान होड्यांवर ॲल्युमिनियमऐवजी स्टेनलेस स्टील वापरतात. त्याची पाती पातळ असून वाकत नाहीत. पात्यांचा मागे झुकलेला कोन नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचलतो, तर पात्याच्या कडेची छोटी मुरड पाण्याला धरून ठेवते.

पंखा ठरला तरी काम अर्धंच झालं. मोटर जॅक प्लेटवर बसवलेली असते. ही प्लेट तिला होडीपासून काही इंच मागे नेते आणि वर-खाली करू देते. होडीच्या तळाला मागे एक चपटी पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. भरवेगात होडी जवळजवळ तेवढ्यावरच धावते. पंख्याच्या दांड्याचा मध्य या पॅडच्या तीन-साडेतीन इंच खाली ठेवून सुरुवात करायची आणि पाव-पाव इंच वर घेत जायचं. मोटर जेवढी वर, तेवढा पाण्याचा विरोध कमी. पण फार वर गेली की पंखा हवा धरतो: फेरे एकदम उसळतात, होडी मात्र ढिली पडते. शिवाय इंजिन थंड ठेवणारं पाणी खालच्याच छिद्रांतून येतं. म्हणून प्रत्येक पायरीला पाण्याच्या दाबाचा काटा बघायचा. तो पडू लागला की मुकाट्याने मोटर खाली घ्यायची.

ट्रिमचंही, म्हणजे मोटरच्या आत-बाहेर कलण्याचंही, तसंच. निघताना मोटर आत ओढलेली, वेग आला की हळूहळू बाहेर. जास्त बाहेर गेली तर नाळ वर-खाली आपटू लागते, किंवा होडी डावी-उजवी डोलू लागते. अशा वेळी थ्रॉटल किंचित कमी करून ट्रिम आत घ्यायची. इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी अंगाला अडकवल्याशिवाय ही चाचणी करूच नये. अमेरिकेत २६ फुटांखालच्या होड्यांना १ एप्रिल २०२१ पासून तसा कायदाच आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र रिकाम्या होडीवर चाचणी करण्याची. स्पर्धेच्या दिवशी पेट्रोल असतं, बॅटऱ्या असतात, दोन माणसं असतात. मासे जिवंत ठेवून परत सोडायचे, म्हणून त्यांच्या टाकीत पाणी असतं. तीस गॅलनची टाकी भरली की त्याचेच ११३ किलो होतात. सकाळी रिकाम्या होडीवर शोभलेला पंखा दुपारी या ओझ्याखाली दमतो. म्हणून पूर्ण भरलेली होडी, एका वेळी एकच बदल, दोन्ही दिशांना एकेक फेरी आणि हाताशी वही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या फायबरच्या होड्यांवरही आज अशाच बाहेरच्या मोटरी आहेत. ओझं मात्र जाळ्यांचं, बर्फाचं आणि मासळीचं, वेगही बेताचा. म्हणून तिथे कमी पिचचा पंखाच कामाचा. नियम दोन्हीकडे एकच. शेजाऱ्याचा पंखा बघून आपला घेऊ नये. आधी आपल्या होडीतलं ओझं मोजावं.